दादाची कोरी स्लाइड

आमच्या लॅबमध्ये एक प्रेशर कुकर आहे. स्टीलचा, घरी वरण-भाताला लावतात तसाच. नवीन आलेल्या पोरी तो पाहिला की हसतात. "ताई, इथं भात लावता काय?" मी म्हणते, हो, तुझ्या सासरच्यांसाठी. खरं म्हणजे त्यात आम्ही काचेच्या स्लाइडी उकळतो. पेशींवर काही खास रंग चढवायचे असले की आधी त्यांना कुकरमध्ये चांगलं शिजवावं लागतं, नाहीतर रंग धरतच नाही. हेही वैद्यकशास्त्र आहे यावर कोणाचा विश्वास बसत नाही, पण आहे.

नागपुरातल्या एका मोठ्या दवाखान्याच्या पॅथॉलॉजीत मी टेक्निशियन आहे. ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा आमच्याकडे बरणीत येतो. तो मेणात बसवायचा, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ कापायचा, काचेवर घ्यायचा आणि रंगवायचा. पाहायचं काम डॉक्टरांचं, दिसेल असं करायचं काम माझं. याच कामात केस पिकले. माझं तोंड तिखट आहे हेही आताच सांगून टाकते. डिपार्टमेंटमध्ये मागून मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, आणि म्हणोत बापडे. माझ्या हातची स्लाइड सहसा बिघडत नाही.

साध्या रंगात सगळ्या पेशी निळ्या-गुलाबी दिसतात. कोण काय काम करते ते त्यातून नीट कळत नाही. म्हणून स्पेशल स्टेन असतात. इन्सुलिनचा स्टेन टाकला की ज्या पेशीच्या पोटात इन्सुलिन आहे तेवढीच तपकिरी होते, बाकीच्या निळ्याच राहतात. प्रत्येक वेळी सोबत एक कंट्रोल स्लाइड लावायची, निरोगी स्वादुपिंडाची, जिच्यावर रंग चढायलाच पाहिजे. आपली स्लाइड कोरी निघाली तर पहिला संशय स्वतःवर घ्यायचा. कुकर लवकर उतरवला असेल, औषध जुनं झालं असेल, थेंब कमी पडला असेल. कोरी स्लाइड म्हणजे चुकलेली स्लाइड, ती डब्यात टाकायची आणि मुकाट्यानं दुसरी लावायची. मला असंच शिकवलं, आणि मीही पुढच्यांना दरडावून हेच शिकवत आले.

आता दादाचं सांगते.

दादा माझा मोठा भाऊ. कामठीला राहतो. आधी पॉवरलूमवर होता, लुंगी आणि चादरीचं कापड विणायचा. माझा लॅबचा कोर्स झाला तो त्याच्या त्या कमाईवर. मग लूम एकेक करत बंद पडले, तसा तो कामठी-नागपूर शेअर ऑटो चालवायला लागला. माणूस असा की तोंडानं कधी प्रेमाचं बोलणार नाही. मी आजारी पडले तर म्हणणार, "मरत नाहीस तू, इतक्यात कुठं?" आणि उन्हातान्हात संत्री घेऊन येणार.

कितीतरी वर्षं त्याचं पोट दुखायचं. दुखलं की गुडघे छातीशी घेऊन पडायचा. शेवटी कळलं की स्वादुपिंडाला जुनी सूज आहे, आतमध्ये खडे झालेत. हा आजार पुष्कळदा दारूनं होतो. त्यामुळे जो तो डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारायचा, "किती घेता?" छप्पन साली आमच्या आजोबांनी दीक्षा घेतली, तेव्हापासून आमच्या घरात दारूचा थेंब आलेला नाही. दादा पंचशील नुसतं म्हणत नाही, पाळतो. तो सांगायचा, "थेंब नाही घेत." डॉक्टर हळूच वहिनीकडे पाहायचे. वहिनी चिडायची, "अहो, ते खरं बोलून राहिले!" आणि दादा घरी येऊन दोन दिवस कोणाशी बोलायचा नाही. दुखण्यापेक्षा त्याला तो प्रश्न जास्त दुखायचा.

मागून शुगर आली. वजन इतकं उतरलं की पॅंट दोरीनं बांधायला लागला. मग स्कॅनमध्ये स्वादुपिंडाच्या शेपटीकडे गाठ दिसली आणि आमचं सगळ्यांचं धाबं दणाणलं. ऑपरेशन करून तेवढा भाग काढला. त्या तुकड्याला मला कोणी हात लावू दिला नाही. आमच्या लॅबमध्ये कुठं लिहिलेलं नाही, पण पाळतात सगळे: घरच्या माणसाचा नमुना आपण करायचा नाही. मी बाहेर जिन्यावर जाऊन बसले. आमच्या हेड मॅडम स्वतः तिथं आल्या आणि म्हणाल्या, "कॅन्सर नाही. जुनी सूजच आहे." मी मॅडमच्या ॲप्रनला तोंड लावून भोकाड पसरलं. ज्या पोरींवर मी रोज ओरडते त्या सगळ्या उभ्या राहून पाहत होत्या.

पण शुगर काही खाली येईना. शुगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, गोळ्यांनी भागणार नाही, इन्सुलिन लावावं लागेल. दादानं मान हलवली. नाही म्हणजे नाही.

त्याचं कारण होतं आमची आई. आईलाही शुगर होती. गोळ्यांवर ओढत ओढत पार शेवटी, पायाची जखम काळी पडल्यावर, तिला इन्सुलिन सुरू झालं आणि थोड्याच दिवसांत ती गेली. दादानं ते डोळ्यांनी पाहिलं होतं. सुई लागली की माणूस संपला, हे त्याच्या डोक्यात तेव्हाच पक्कं बसलं. मी त्याला समजावलं, भांडले, शपथा घातल्या. खाटेवर बसून, जांभळाच्या बियांची पूड पाण्यातून घेत तो म्हणाला, "बाई, जे मेलं ते मेलं. आतमधलं इन्सुलिन बनवणारं सारं मरून गेलं. मेलेल्याले सुया टोचून काय होते?"

"अरे, पेशी मेल्या तर बाहेरून इन्सुलिन द्यायलाच लागते ना!"

"आईले बी असंच सांगितलं होतं."

शुगरच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं. असंच चाललं तर एक दिवस हे बेशुद्ध होऊन इथं येतील, आणि घरी परत जातील याची मी हमी देत नाही. मला दादाला गमवायचं नव्हतं. एवढी साधी गोष्ट होती, आणि तो माणूस मेथीचं पाणी आणि कारल्याचा रस पिऊन मरायला निघाला होता.

आमच्या मॅडम शुगर असलेल्यांच्या स्वादुपिंडाचा अभ्यास करतात. ऑपरेशनमध्ये काढलेला जो भाग शिल्लक राहतो तो पेशंटला विचारून घेतात. दादालाही विचारलं होतं. तो म्हणाला होता, "काढलंच आहे तर घ्या. मले काय त्याचं लोणचं घालायचं आहे?" निदान होऊन गेलं होतं, आता प्रश्न अभ्यासाचा होता, आणि हे स्टेन आमच्याकडे माझ्याशिवाय कोणाला जमत नाहीत. त्यामुळे दादाचा तो मेणाचा ठोकळा फिरून माझ्याच टेबलावर आला. मॅडम म्हणाल्या, "नको वाटत असेल तर राहू द्या." मी म्हटलं, "द्या इकडे."

कापताना हात जड झाला होता हे खोटं नाही. बाकी सगळं नेहमीसारखं केलं. कुकर लावला, थेंब टाकले, धुतलं, सुकवलं. पाहिलं तर स्लाइड जवळजवळ कोरी! निळंच निळं. इथं एखादा तपकिरी ठिपका, तिथं एखादा, बस. मी स्वतःला शिव्या घातल्या. भावाची म्हणून हात हलला असेल आणि थेंब सांडला असेल. स्लाइड डब्यात टाकली आणि दुसरी लावली.

दुसरीही कोरी. आता मात्र माझं डोकं फिरलं. शेजारच्या पोरीला विनाकारण झापलं, औषधाची बाटली उजेडात धरून पाहिली, कुकरची रिंग तपासली. मग सोबतची कंट्रोल स्लाइड मायक्रोस्कोपखाली धरून पाहिली. ती अशी सुरेख रंगली होती की बघत राहावं, एकेक बेट तपकिरी झालेलं. स्वादुपिंडात या पेशी ठिकठिकाणी घोळक्यानं बसलेल्या असतात, त्यांना बेटंच म्हणतात. म्हणजे औषध चांगलं, कुकर चांगला, माझा हातही चांगला. मग कोरी कशी?

हातातली स्लाइड डब्याकडे नेता नेता मी थांबले. तशीच ती घेऊन मॅडमकडे गेले. म्हटलं, "मॅडम, दादाचं खरंच मेलं आहे सगळं. तो म्हणतो तेच बरोबर आहे."

मॅडमनी स्लाइड पाहिली, बराच वेळ पाहिली, आणि म्हणाल्या, "टाकू नका ही. याच ठोकळ्याचा पुढचा काप घ्या आणि दुसरा स्टेन लावा." हा दुसरा स्टेन इन्सुलिन आहे का ते विचारत नाही. ही पेशी या बेटावरची, हार्मोन बनवणाऱ्या जातीची आहे का, एवढंच तो विचारतो. बेटावरच्या पेशी खरंच मेल्या असतील तर हा स्टेनही मोठी भोकं दाखवील, असं मला वाटलं. मी लावला. मनात काही धरलं नव्हतं.

मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि माझ्या तोंडून "अग बाई!" निघून गेलं. सूज येऊन गेलेल्या त्या मांसात बेटं कमी होती, काही आक्रसलेली होती, पण जी होती ती भरलेली होती. तपकिरी, गच्च. मघाच्या कोऱ्या स्लाइडवर जिथं निळं दिसत होतं, त्याच जागी, पेशीला पेशी लागून, सगळे घरातच बसलेले होते. कोणी गेलेलं नव्हतं. फक्त हातात काम नव्हतं.

इतकी वर्षं मी स्लाइडी रंगवते. किडनी पाहिल्या, काळजं पाहिली, सहा महिन्यांचा गर्भ पाहिला. पण अंगावर असा काटा कधी आला नव्हता. मी खुर्चीत मागे टेकले, आणि पुन्हा पुढे होऊन पाहिलं, की कुठं जातात की काय!

मॅडमनी मग मला समजावून सांगितलं, आणि मी पहिल्यांदाच मध्ये न बोलता ऐकलं. इन्सुलिन बनवणारी पेशी म्हणजे फार शिकलेली पेशी. रक्तात साखर किती आहे ते ती ओळखते, त्या हिशेबानं इन्सुलिन बनवते, साठवते, हवं तेव्हाच सोडते. एवढं शिकायला तिला आईच्या पोटात असल्यापासून वेळ लागतो. पण साखर सतत चढलेली राहिली, सूज हटली नाही, तर तिच्यावर इतका ताण येतो की ती हे सगळं शिकलेलं सोडून देते. इन्सुलिन बनवायच्या सूचना तिच्या आतमध्येच असतात, पण ती त्या वाचेनाशी होते आणि लहानपणीच्या, काहीच न येणाऱ्या पेशीसारखी होऊन बसते. काही पेशी तर त्याहून पुढे जातात. त्या साखर वाढवणारं हार्मोन बनवायला लागतात.

"म्हणजे आगीवर पाणी टाकणाराच रॉकेल टाकायला लागला!" मी म्हटलं.

"असंच काहीसं. आणि तुमच्या भावाच्या काही पेशी खरोखर मेल्याही असतील. एवढी जुनी सूज आहे. पण सगळ्या नाही मेल्या. हे तुम्हीच पाहिलं."

"मग त्यांना पुन्हा आठवेल?"

मॅडम सांभाळून बोलणाऱ्या बाई आहेत. म्हणाल्या, उंदरांमध्ये असं दिसलंय की बाहेरून इन्सुलिन देऊन साखर खाली आणली, पेशींवरचा भार काढला, तर त्यातल्या काही परत कामाला लागतात. माणसांमध्ये किती होतं, कोणाकोणात होतं, ते अजून नीट कळलेलं नाही. "वचन देऊ नका त्यांना. पण भार काढल्याशिवाय तर काहीच होणार नाही."

मी तिथंच आईचा विचार केला. तिच्या पोटात कोण कोण असं बसून राहिलं असेल, आणि आम्ही त्यांना किती उशिरा मदत धाडली. मला फार रडू आलं. मग राग आला. मग मी फोन काढला आणि दादाला म्हटलं, "उद्या दुपारी ऑटो घेऊन इकडे ये. मॅडमना तुला काही दाखवायचं आहे. काहून म्हणून विचारू नको."

तो आला. खाकी शर्ट, गळ्यात दुपट्टा, पायात चपला, घामानं डबडबलेला. मॅडमना जयभीम घातला आणि मायक्रोस्कोपकडे संशयानं पाहिलं. आमच्याकडे दोघांना एकदम पाहता येतं असा एक मायक्रोस्कोप आहे. एका बाजूला मॅडम बसल्या, दुसऱ्या बाजूला दादा. "काय दिसतं?" मी विचारलं.

"माह्या पापण्याच दिसून राहिल्या."

पहिल्यांदा पाहणाऱ्या सगळ्यांना पापण्याच दिसतात. मी त्याचं डोकं धरून जरा मागे केलं. आई त्याला तेल लावताना धरायची तसं धरलं, आणि त्यानं चक्क धरू दिलं. मग त्याला दिसलं. आधी मॅडमनी कोरी स्लाइड दाखवली, मग दुसरी. कुठली कशाची ते समजावलं. तो एवढा वेळ डोळा लावून बसला की मला वाटलं झोपला.

"हे माह्या पोटातले आहेत?"

"तुमच्याच," मॅडम म्हणाल्या.

"आन् जिते होते?"

"ऑपरेशनच्या दिवशी होते. जो भाग अजून तुमच्या पोटात आहे, त्यातही असेच असणार."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "दादा, तुझे लूम बंद पडले तेव्हा तू काय मेला होतास का? विणायचं सोडून ऑटो चालवायला लागलास. तसंच यांचं."

दादानं डोळा वर केला आणि लहानपणी मी त्याची सायकल पाडली होती तेव्हा पाहिलं होतं, तसंच माझ्याकडे पाहिलं. "मले नको शिकवू. मी इणणं विसरलो नाही. आता लूमवर उभा कर, आता इणून दाखवतो. काम नव्हतं म्हणून ऑटो धरला. याईले कोणतं दुःख झालं? काम तं भरपूर होतं."

उत्तर मॅडमनी दिलं. "तेच झालं. तुम्हाला काम मिळेना म्हणून तुम्ही सोडलं. यांना काम इतकं पडलं, रात्रंदिवस, सुट्टी नाही, की यांनी सोडलं."

दादा परत मायक्रोस्कोपवर वाकला. यावेळी स्वतःच पापण्या सांभाळल्या. "मंग सुट्टी कशी द्याची?" त्यानं विचारलं.

"इन्सुलिन बाहेरून आलं की यांच्यावरचं ओझं कमी होतं. हीच सुट्टी."

तो उठला. दुपट्ट्यानं तोंड पुसलं. दारापर्यंत जाऊन वळला आणि माझ्याकडे पाहून म्हणाला, "सुई तू टोचशील. दुसऱ्या कोणाच्या हातची नाही."

असा आमचा सौदा झाला. डॉक्टरांनी संध्याकाळचं एक इन्सुलिन ठरवून दिलं. रोज ड्यूटी संपली की मी कामठीची बस धरायची. दादा खाटेवर पडून, तोंड भिंतीकडे करून, शर्ट वर घ्यायचा. एवढा मोठा माणूस, सुई पाहायला तयार नाही! वहिनीनं इन्सुलिनचं पेन फ्रीजच्या दारात, लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवलं होतं. कोणीही फ्रीज उघडला की ओरडायची, "त्याले हात नको लावू!" टोचून झालं की दादा विचारायचा, "झालं?" आणि मी म्हणायची, "केव्हाच झालं. पोराटोरांनाही एवढं भ्या वाटत नाही." रोज हेच संवाद. शुगर हळूहळू उतरायला लागली. पण ती आमच्या सुईनं उतरत होती. आतमध्ये काय चाललं होतं ते कोणालाच दिसत नव्हतं, आणि माझ्यासारख्या बाईला, जिचं सारं आयुष्य आतलं दाखवण्यात गेलं, ते न दिसणं सोसेना.

पावसाळा सरता सरता एका सकाळी वहिनीचा फोन आला. "लवकर या, यांना काहीतरी झालं. घामानं भिजले, थरथर कापून राहिले, धड बोलता येत नाही. आईंसारखंच झालं हो!" मी फोनवरच ओरडले, "बोट टोचून शुगर पाहा!" शुगर खूप खाली गेलेली होती. म्हटलं, गिळता येतं का? येतं म्हणाली. "मग साखर द्या, पाण्यात घालून द्या, आता, फोन ठेवू नका!" मी ऐकत राहिले. चमचा पेल्यावर वाजत होता. वहिनी "घ्या, अजून घ्या" म्हणत होती. मग बऱ्याच वेळानं दादाचा आवाज आला, "पाणी सांडून राहिली तू माह्या अंगावर."

मी फोन कानाला तसाच धरून, लॅबच्या फरशीवर बसले. जीव परत आला म्हणतात तो असा येतो.

शुगरच्या डॉक्टरांनी तातडीनं डोस कमी केला. दादा कमी जेवला होता का, धावपळ झाली होती का, सगळं विचारलं. तसं काहीच नव्हतं. डोस तोच, जेवण तेच. मग ते म्हणाले, "एक तपासणी करू. शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतं ते त्यात कळतं, टोचलेलं त्यात येत नाही. लगेच आनंद मानू नका. या आजारात शुगर इतर कारणांनीही पडते." ही तपासणी सुरुवातीलाही केली होती. तेव्हा जवळजवळ काहीच नव्हतं.

या वेळचं उत्तर मी आणायला गेले. पाहिलं. परत पाहिलं. पूर्वीचं काढून शेजारी धरलं. मग डॉक्टरांना दाखवलं. ते चष्मा वर करून म्हणाले, "चढलंय. चांगलं चढलंय. इन्सुलिन बंद होईल असं म्हणत नाही मी, थोडं लागेलच. पण आत कोणीतरी काम करतंय."

बाहेर येऊन कामठीच्या ऑटोसाठी इंदोऱ्याच्या चौकात उभी राहिले तर समोरून दादाचाच ऑटो. मागे गच्च भरलेला, पुढे त्याच्या शेजारची जागा रिकामी. बसले. ऑटोमोटिव्ह चौक गेला तरी मला शब्द सापडेना. आयुष्यात पहिल्यांदा. दादा म्हणाला, "काहून चूप आहेस? बुरं आहे काय?"

"दादा, त्यांना आठवलं."

"कोणाले?"

"तुझ्या पोटातल्यांना. सगळ्यांना नाही. पण काही जण कामाला लागलेत. तपासणीत आलं."

त्यानं ऑटो कडेला घेतला. इंडिकेटर नाही, हात नाही, तसाच घेतला. मागून ट्रकवाल्यानं आईबहीण काढली. दादा खाली उतरला आणि रस्त्याकडे पाठ करून उभा राहिला. मागे बसलेली एक म्हातारी डोकं बाहेर काढून म्हणाली, "काय झालं गा, पेट्रोल संपलं काय?" एक माणूस वैतागला, "भाऊ, आमाले ड्यूटीवर जायचं आहे!" मी त्या माणसाला म्हटलं, "थांबा जरा, मरत नाही तुम्ही," आणि उतरून दादाजवळ गेले. त्याचे खांदे हलत होते. आई गेली तेव्हाही तो माझ्यासमोर रडला नव्हता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

मग त्यानं नाक शिंकरलं, ऑटोत बसला आणि सरळ कामठीपर्यंत ऑटो हाणला. मला उतरवताना म्हणाला, "उद्यापासून तू येऊ नको. सुई मीच घेतो."

मला बरं वाटायला पाहिजे होतं. वाटलंही. पण रोजची ती बस, ती खाट, ते "झालं?" आता नाही, याचं वाईटही वाटलं. खोटं कशाला बोलू? दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी घरी जाण्याऐवजी कामठीलाच गेले.

दार उघडंच होतं. दादा खिडकीच्या उजेडात खुर्चीवर बसला होता. शर्ट वर, पेन हातात, तोंड भिंतीकडे नाही. मी दारात थांबले. पेन वाकडं धरलं होतं, आणि माझ्या जिभेवर चार सूचना येऊन बसल्या होत्या. मी एकही बोलले नाही. त्यानं सुई टोचली, बटण दाबलं, तशीच धरून ठेवली. आणि आपल्याच पोटाकडे पाहून हळूच म्हणाला, "करा गा, करा आराम. घाई नाही."